नणंदबाईंनी दाखवलेलं सोलापूर

चिंचोळी एमआयडीसीत राहायला येऊन मला ११ वर्षं झाली, पण सोलापूर म्हणजे माझ्या लेखी चादरी नि शेंगाचटणी! परवा नणंदबाई आल्या नि मलाच ओढत गावात घेऊन गेल्या. भुईकोट किल्ला, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ भराभर पाहिलं. पाय अडले ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरातल्या स्मारकात. १९१० साली जन्मलेला हा सोलापूरचा मुलगा १९३८ मध्ये जखमी सैनिकांच्या सेवेला चीनला गेला. १९४२ साली तिथंच वारला. अवघा ३२ वर्षांचा! घरी परतलाच नाही.

आमचा थोरला परदेशी जायचं म्हणतोय, म्हणून मी महिनाभर अबोला धरलेला. त्या रात्री त्याच्या पानात गरम धपाटं वाढलं. “कागदपत्रं कुठवर आली रे?” एवढंच विचारलं.