माकडांची शाळा पाहिली!

प्राणिसंग्रहालय म्हटलं की काय आठवतं? पिंजरा, शेंगदाणे आणि माकडाला वेडावणारी मुलं! मैत्रिणींनो, मलाही तेच आठवायचं. पण गेल्या उन्हाळ्यात नणंदेकडे स्कॉटलंडला गेले आणि धाकट्याच्या हट्टापायी एडिंबराचं प्राणिसंग्रहालय पाहिलं. टेकडीच्या उतारावरचं, चढून चढून पाय भरून आले. एका ठिकाणी मात्र आम्ही तासभर खिळून राहिलो.

सेंट अँड्र्यूज विद्यापीठ आणि प्राणिसंग्रहालय चालवणारी संस्था यांनी मिळून २००८ साली तिथे 'लिव्हिंग लिंक्स' हे केंद्र काढलं. दक्षिण अमेरिकेतली कॅपुचिन आणि चिमुकली स्क्विरल माकडं तिथे एकत्र नांदतात. रानातही ती बरोबरीने हिंडतात. त्यांच्या बुद्धीचा अभ्यास चालतो तो आपल्यादेखत, काचेपलीकडच्या छोट्या कप्प्यांत. विद्यापीठाला अभ्यासाला माकडं मिळतात आणि तिकीट काढून आलेल्या आपल्यासारख्यांना शास्त्र कसं घडतं ते बघायला मिळतं. माकडाला वाटलं तर ते कप्प्यात येतं, कंटाळलं की खुशाल निघून जातं. कुणी अडवत नाही.

"आई, उठून गेलं तर त्याला धपाटा नाही बसत?" धाकट्याने विचारलं.

मी काय बोलणार? पाढे चुकले म्हणून आदल्याच रात्री त्याला एक बसला होता! मी स्वतः शिकवणारी, पण हा धडा मला माकडांनी दिला.

आता आमचे पाढे त्याचं मन असेल तेव्हाच होतात. आणि गंमत म्हणजे, होतात!