सातबारा आणि व्हिसा

परवा ऑफिसात एकाने विचारलं, "अरे, तुझी आई युरोपला जाऊन आली ना? माझ्या सासू-सासऱ्यांचा टुरिस्ट व्हिसा काढायचाय, फॉर्म कसा भरायचा सांग." त्याला म्हटलं, कसा भरू नये ते मी जास्त चांगलं सांगू शकतो. कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत सांगितलं. तेच आज इथे लिहितोय. गेल्या दोन शनिवारी काहीच लिहिलं नव्हतं, त्याचीही भरपाई.

तर झालं असं. ताई युरोपातल्या एका देशात असते (देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चूक त्यांची नव्हतीच). २०२४ च्या उन्हाळ्यात तिने फोनवर गोड बातमी दिली. नोव्हेंबरच्या मध्यावरची तारीख होती. आई त्याच दिवशी डिंकाचे लाडू किती दिवस टिकतात याचा हिशोब करायला लागली. आमचं गाव आमगाव तालुक्यात. बाबा जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, जोडीला साडेतीन एकर धान. दोघांचे पासपोर्ट मी आधीच नागपूरला नेऊन काढून ठेवले होते. म्हटलं, आता फक्त व्हिसा. फॉर्म भरणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ!

आईचा पहिलाच प्रश्न असा होता की मला उत्तर देता आलं नाही. "आपल्याच पोरीच्या घरी जायले अर्ज कायले करा लागते, बाबू?"

मी माझ्या भाषेत समजावलं. पासपोर्ट म्हणजे तू कोण आहेस याचा पुरावा, आणि व्हिसा म्हणजे आत येऊ द्यायचं की नाही याची परवानगी. आमच्या धंद्यात पहिल्याला ऑथेंटिकेशन म्हणतात, दुसऱ्याला ऑथरायझेशन. आपला देश पहिलं देतो, दुसरा देश दुसरं. आई म्हणाली, "म्हणजे आपलं आधार कार्ड अन् त्यायचं दार." मी गप्प. दोन वर्षं ज्युनिअर पोरांना हे शिकवतोय, इतक्या थोडक्यात कधी जमलं नाही.

बाबांना इतिहासात रस. ते म्हणाले, आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसून अमेरिकेला गेल्या तेव्हा कुठला व्हिसा होता? खरं आहे. हे सगळं प्रकरण पहिल्या महायुद्धानंतर पक्कं झालं. आपल्याकडचा पासपोर्टचा आजचा कायदाही १९६७ चा. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने सतवंत सिंग साहनी खटल्यात निकाल दिला की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, सरकार मनमानी करून पासपोर्ट अडवू शकत नाही. पण गंमत बघा, हा हक्क आपल्या दारातून बाहेर पडण्याचा. दुसऱ्याच्या दारातून आत शिरण्याचा हक्क जगातलं कुठलंच कोर्ट देत नाही. बाबा मागे काशीवरून पशुपतिनाथाला जाऊन आले होते, तेव्हा त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून त्यांना वाटायचं की परदेश म्हणजे असाच.

आता माझा पराक्रम ऐका.

शेंगेन व्हिसाच्या फॉर्मात प्रवासाचा उद्देश विचारतात. पर्यटन, धंदा, कुटुंबाला किंवा मित्रांना भेटणं, असे पर्याय असतात. एका अनुभवी मित्राने सांगितलं, "बाळंतपण वगैरे अजिबात लिहू नकोस. त्यांना वाटेल म्हातारा-म्हातारी नातवंडं सांभाळायला तिकडेच राहतील. सरळ पर्यटन लिही, हॉटेलचं बुकिंग जोड, नंतर रद्द कर." मला ते फार हुशारीचं वाटलं. चार शहरांतली हॉटेलं बुक केली, दहा दिवसांचा कार्यक्रम टाईप केला. शिवाय बाबांच्या खात्यात पैसे कमी दिसतील म्हणून अर्ज करायच्या आठवडाभर आधी माझ्या खात्यातून तीन लाख रुपये टाकले. बाबांनी सही करताना कार्यक्रम वाचला. चष्मा खाली करून म्हणाले, "आपण म्यूझियम पाहायले चाललो का?" मी म्हटलं, बाबा तुम्ही फक्त सही करा. त्यांनी केली. आयुष्यभर पोरांना कॉपी करताना पकडणारा माणूस, मुलाच्या सांगण्यावरून सही करून मोकळा झाला.

ऑगस्टच्या शेवटी दोघांना विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला नेलं. रोवणी नुकतीच आटोपली होती. अर्ज केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात. आईचे ठसे काही केल्या उमटेनात. दरवर्षी चिखलात पऱ्हे रोवून बोटांच्या रेषा झिजलेल्या. तिथल्या मुलीने आईची बोटं पुसून, दाबून, चार-पाच वेळा प्रयत्न केले. आई तिला म्हणते, "धान संपलं का येतील वापस." ती मुलगी मनापासून हसली. एकेका अर्जाची फी ९० युरो (जून २०२४ मध्येच ८० वरून वाढली होती), म्हणजे आठ हजारांच्या वर. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. शिवाय प्रवास विमा, किमान ३०,००० युरोचा.

सप्टेंबरच्या मध्यावर पासपोर्ट परत आले. आत व्हिसा नव्हता, एक छापील कागद होता. नकाराचा हा फॉर्म ठरलेला असतो. कारणांची यादी आणि लागू असेल त्यापुढे खूण. आमच्या कागदावर दोन खुणा होत्या. एक, प्रवासाचा उद्देश आणि मुक्कामाची परिस्थिती पटवून दिलेली नाही. दुसरी, व्हिसा संपायच्या आत परत जाण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे.

तो कागद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. ही माझी आणखी एक चूक. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मी वापस येनार नाही म्हनते का तो? मंग धान कोन कापंल?"

नंतर आई सांगत होती, त्या दिवशी ते जेवले नाहीत. पैशाचं दुःख नव्हतं. छत्तीस वर्षं नोकरी केली, कधी हजेरीत खोटी सही केली नाही, आणि कुठल्यातरी परक्या माणसाने लिहून दिलं की तुमच्यावर शंका आहे. मला मात्र माहीत होतं की ती शंका त्यांच्यावर नव्हतीच. ती मी तयार केलेल्या माणसावर होती. असा माणूस, ज्याच्या खात्यात अचानक तीन लाख येतात, ज्याला साठीनंतर एकाएकी चार शहरांतली म्यूझियम बघायची हुक्की येते, आणि ज्याची मुलगी त्याच देशात राहते तरी तो हॉटेलात उतरणार असतो. मी त्या खिडकीमागे असतो तर मीही खूण केली असती.

असो. मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं, म्हणजे मूळ नियम वाचले. शेंगेनचा व्हिसा-नियम २००९ चा आहे आणि तो वाटतो तितका भयंकर नाही. अधिकाऱ्याला मुळात तीनच गोष्टी समजून घ्यायच्या असतात : कशाला जाताय, खर्च कोण करणार, आणि परत का याल. अमेरिकेचं तंत्र वेगळं आहे. तिथल्या १९५२ च्या कायद्याचं २१४(ब) हे कलम मुळात असंच धरून चालतं की अर्जदार कायमचा राहायलाच येतोय, तसं नाही हे त्याने खिडकीसमोर दोन-चार मिनिटांत पटवायचं. युरोपचा सगळा भर कागदावर. आणि कागद आमच्याकडे होते की! मीच जोडले नव्हते, कारण मला ते गावठी वाटले होते.

या वेळी बाबा म्हणाले, मी नाही येत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापणी, मग चुरणं, कोणीतरी घरी पाहिजेच. एकट्या आईचा अर्ज. उद्देश : मुलीच्या बाळंतपणासाठी. ताईचं निमंत्रण, तिच्या डॉक्टरचं पत्र, जावयांच्या पगाराच्या स्लिपा. बाबांचा पेन्शनचा आदेश आणि वर्षभराचं खरंखुरं पासबुक. आणि सातबारा.

सातबाऱ्याचं इंग्रजी करताना माझी इंजिनिअरिंगची पदवी कुठल्या कुठे गेली. भोगवटादार वर्ग १ म्हणजे काय हे जगाला कसं सांगणार? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आपल्याकडचा शेतकरी इन्कम टॅक्सच्या कागदांवर दिसतच नाही. तो दिसतो तो या सातबाऱ्यावर. १ हेक्टर ४२ आर, पीक धान. शेवटी भाषांतर एका जाणकाराकडून करून घेतलं.

सोबत एक पत्र लागतं. ते बाबा म्हणाले मी लिहितो. फळ्यावरच्या अक्षरात, मराठीत, एक पान. माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणाला जात आहे, मी शेतीच्या कामामुळे येथे थांबत आहे, मागील अर्जात उद्देश चुकीचा लिहिला होता त्याबद्दल दिलगीर आहे. हे शेवटचं वाक्य काढा म्हणून मी खूप भांडलो. त्यांनी काढलं नाही. मी निमूटपणे इंग्रजी केलं आणि मूळ पत्राच्या मागे जोडलं. आईचे ठसे आधीच्या अर्जातलेच चालले, कारण एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. झिजलेल्या बोटांची ती मेहनत तेवढी वाया गेली नाही.

ऑक्टोबर संपता संपता व्हिसा आला.

आता त्या स्टिकरबद्दल थोडं, कारण इथे बरेच लोक फसतात. त्यावर 'पासून-पर्यंत' अशा दोन तारखा असतात आणि वेगळ्या रकान्यात मुक्कामाचे दिवस. तारखांमध्ये सहा महिन्यांचं अंतर असलं म्हणून सहा महिने राहता येत नाही. नियम असा की मागच्या कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि स्टिकरवर कमी लिहिले असतील तर तेवढेच. ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. मी अर्थातच यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आई ८ नोव्हेंबर २०२४ ला उतरणार होती. प्रोग्रॅम म्हणाला शेवटचा दिवस ६ फेब्रुवारी. मी परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढणार, तेवढ्यात ताईने कॅलेंडरवर बोटाने मोजलं आणि म्हणाली, ५ तारीख. उतरल्याचा दिवसही धरतात, परत निघाल्याचाही. मी पहिला दिवस सोडून दिला होता. एकचा फरक! कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला जी चूक करतात ती :-) शेवटी ४ तारखेचं काढलं.

भाचा आई पोचल्यावर सहा दिवसांनी झाला. डिंकाचे लाडू पोचले.

फेब्रुवारीत बाबा गोंदिया स्टेशनवर आईला घ्यायला आले होते. मी मुंबईपासून सोबत होतो. गाडीतून उतरल्यावर आईने आधी विचारलं, "किती पोते झाले?" बाबांनी आकडा सांगितला. मग घरी जाताना रिक्षात त्यांनी तिचा पासपोर्ट मागितला आणि चष्मा लावून दोन्ही शिक्के बघितले, आत गेल्याचा आणि बाहेर पडल्याचा. (ऑक्टोबर २०२५ पासून तिथे टप्प्याटप्प्याने शिक्क्यांऐवजी संगणकात नोंद करायला सुरुवात झाली, त्यामुळे असे शिक्के आता जुन्या नोटांसारखे जपून ठेवायचे.)

"आली ना वापस," एवढंच म्हणाले. पासपोर्ट परत दिला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, जरा बाजारातून घे, बारदाना घ्यायचा आहे.