बाबांच्या गाडीतला टेप

गुरुवारी सकाळी बाबांचा फोन कधी येत नाही. गुरुवारी सकाळी ते गाडी चालवत असतात. धुळ्याहून जळगावला, फुईकडे. (फुई म्हणजे आत्या. पुण्यात हे दर वेळी सांगावं लागतं.) त्यामुळे २०२४ च्या दिवाळीआधी एका गुरुवारी साडेनऊला मोबाईलवर 'बाबा' दिसलं तेव्हा मी चालू मीटिंगमधून उठून बाहेरच गेलो.

"टेपने कॅसेट खाल्ली," बाबा म्हणाले.

"कुठली?"

"मायची."

मग थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही. मागून ट्रकचे आवाज येत होते. मुकटीच्या पुढे कुठेतरी रस्त्याच्या कडेला उभे होते ते.

आता थोडी पार्श्वभूमी. बाबांची गाडी २००४ ची. एमएच १८, पेट्रोल. पंधरा वर्षं झाल्यावर २०१९ ला एकदा आणि २०२४ ला परत पासिंग करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला, आणि अजून विकायचं नाव नाही. टेप गाडीबरोबर आलेला. कॅसेट आणि रेडिओ, बस्स. तो बदलायचे प्रयत्न मी नोकरीला लागल्यापासून करतोय. २००८ साली मी त्यांना सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर आणून दिला. तो पेनड्राईव्हवरची गाणी अगदी छोट्या रेडिओ स्टेशनसारखी प्रसारित करतो आणि गाडीचा रेडिओ ती पकडतो. म्हणजे पकडायला पाहिजेत. बाबांनी दोन दिवस खरखर ऐकली आणि तो डॅशबोर्डच्या खणात गेला.

मग कॅसेट अडॅप्टर. ही वस्तू मला अजूनही फार हुशारीची वाटते. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही. फीत जिथे टेपच्या हेडला टेकते तिथे दुसरं एक हेड बसवलेलं असतं. वायरने आयपॉडमधून येणाऱ्या सिग्नलचं ते बदलतं चुंबकीय क्षेत्र करतं आणि टेपला वाटतं की फीतच चालली आहे. मी हे सगळं बाबांना चहा पिता पिता समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या वेळी गेलो तर तोही खणात, ट्रान्समीटरच्या शेजारी.

आणि गेल्या वर्षी मी नऊ इंची स्क्रीनवर आलो. नकाशा, ब्लूटूथ, मागचा कॅमेरा. "मला गाडीत टीव्ही नको," एवढंच उत्तर.

ह्या सगळ्यात बाबा गाडीत नक्की ऐकतात काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ऑफिसात हेच काम करायचा पगार घेतो मी. रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात त्याला.

ते ऐकायचे आजीची कॅसेट. दर गुरुवारी. फागण्याला गाव संपलं की लावायची, आणि एक बाजू संपेपर्यंत पारोळं जवळ यायचं. हायवे सहा नंबर होता तेव्हाचा हा हिशोब. आता तो त्रेपन्न नंबर झाला, चौपदरी झाला, आणि बाजू संपायच्या आत पारोळं मागे पडतं.

कॅसेट १९८७ ची, साठ मिनिटांची. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी बाबांनी टू-इन-वनवर केलेलं रेकॉर्डिंग. गावात पिठाची गिरणी कधीच आली होती, पण डाळी भरडायला आजी जात्यावरच बसायची. भाऊबीजेला फुई माहेरी आलेली होती, त्या दोघी समोरासमोर जात्यावर, आणि आजी ओव्या म्हणतेय. मागे एक पोर रडतंय. ते मी नाही असं माझं मत आहे. दुसऱ्या बाजूला आकाशवाणी जळगावचं काहीबाही भरलेलं. त्या फितीखेरीज आजीचा आवाज कुठेही नाही.

हे सगळं मला त्या फोननंतर कळलं. म्हणजे कॅसेट आहे हे माहीत होतं. पण ती ते दर आठवड्याला ऐकतात, हे नव्हतं माहीत.

त्या शनिवारी धुळ्याला गेलो. बाबांनी गाडीला हात लावू दिला नव्हता कोणाला. कॅसेट अर्धी टेपमध्ये, फीत आतल्या रबरी चाकाला गुंडाळलेली. पट्टीने, चिमट्याने, नेलकटरने दीड तास काढला. बाबा टॉर्च धरून उभे. शेवटी सुटली, पण एका ठिकाणी तुटून, आणि हातभर फीत चुरगळलेली. जुनी कॅसेट स्क्रूची नव्हती, चिकटवलेली होती. ती फोडून दोन्ही चकत्या दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटमध्ये बसवल्या. चुरगळलेली फीत बोटांनी सरळ केली, पण तुटलेल्या जागी वीतभर तुकडा इतका ताणला गेला होता की तो कापावाच लागला. पट्टीने मोजला, १९ सेंटिमीटर. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते. म्हणजे बरोबर चार सेकंदं. मी तो तुकडा पाकिटात ठेवून बाबांना दिला.

पुण्यात आल्यावर एका मित्राच्या वडिलांचा चांगला डेक मिळाला. एका बैठकीत दोन्ही बाजू लॅपटॉपवर उतरवल्या. मग मी माझ्या मते फार चांगलं काम केलं. ऑडॅसिटीमध्ये फितीची सूं सूं काढून टाकली. त्याला नुसत्या खरखरीचा एक नमुना दाखवायचा, की तो तसा आवाज सगळीकडून वजा करतो. आजीचा आवाज असा स्वच्छ आला की मीच खूष.

दिवाळीला घरी गेलो तो नवा स्टिरिओ बसवूनच घ्यायचा म्हणून. ह्या वेळी आधी विचारलं. बाबांच्या अटी दोन : गोल फिरवायचं बटण पाहिजे, आणि जिथे बंद केलं तिथूनच सुरू झालं पाहिजे. पारोळ्याला चहाला थांबतात ते. मग नऊ इंची वगैरे बाद. साधा सिंगल डिनचा, १८ सेंटिमीटर रुंद, ५ उंच. हे जर्मन माप आहे आणि जगभरच्या गाड्यांनी ते इतकी वर्षं पाळलं, म्हणून वीस वर्षांच्या गाडीत नवा स्टिरिओ काही न कापता बसतो. आमच्या धंद्यात दोन वर्षांपूर्वीची लायब्ररी बसत नाही.

आग्रा रोडवरच्या एका दुकानात अर्ध्या तासात बसवून मिळाला. आणि दुसरी अट पहिल्याच दिवशी नापास! गाडी बंद केली की घड्याळ शून्यावर, गाणं पहिल्यापासून. दुकानदार म्हणाला, "ह्या मॉडेलला असंच असतं." असं नसतं. स्टिरिओला बॅटरीच्या दोन वायरी लागतात. पिवळी कायम चालू, तिच्यावर त्याची आठवण टिकते. लाल किल्लीबरोबर चालू-बंद. ह्या भाऊने दोन्ही एकत्र पिळून किल्लीवर जोडल्या होत्या. काम लवकर होतं तसं. मल्टीमीटर घेऊन पिवळी वेगळी केली, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बाबांना गाडीत बसवून पेनड्राईव्ह लावला.

बाबांनी अर्धा मिनिट ऐकलं. "जातं कुठे गेलं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. जात्याची घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. सॉफ्टवेअरच्या हिशोबाने ती खरखरच. सूं सूं बरोबर मी जातंही काढून टाकलं होतं. आजी हवेत बसून ओव्या म्हणत होती.

बरं, मूळ फाईल होतीच (डिलीट काही करत नाही मी, एवढी एक सवय चांगली आहे). ती लावली. जातं आलं, सूं सूं आली, रडणारं पोर आलं. बाबा ह्या वेळी बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "हा मायचा आवाज नाही."

"बाबा, तीच कॅसेट आहे."

"कॅसेट तीच आहे. आवाज नाही."

माझा चेहरा बघून ते पुढे काही बोलले नाहीत, घरात निघून गेले. खरं सांगायचं तर मला रागच आला होता. इतकी मेहनत केली, आणि आता माणसाला आवाजच पटत नाही म्हणजे काय करायचं?

रात्री मग गाडीतून काढलेला जुना टेप जेवणाच्या टेबलावर घेतला, बारा व्होल्ट दिले, आणि खाल्ली तरी चालेल अशी एक सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट लावली. तेच गाणं मोबाईलवर शोधलं. मोबाईलवर बरोबर पाच मिनिटं. टेपवर पाच मिनिटं एकोणीस सेकंदं. वीस वर्षांत आतला पट्टा सैल होऊन टेप सहा टक्के हळू चालत होता. सहा टक्के म्हणजे जवळपास एक स्वर खाली, पेटीवर काळी एकचं पांढरी एक. तर बाबा इतकी वर्षं आजीचा आवाज एक पट्टी उतरवून ऐकत होते, आणि मी आणलेला बरोबर होता. मी सकाळी हे त्यांना सांगायला अगदी तयार होतो.

पण झोप येईना. टू-इन-वनवर रेकॉर्डिंग केलं तेव्हा लाईट होते का?

सकाळी विचारलं. "लाईट कुठचे? सेलवर केलं. अर्ध्यातच सेल बसायला आले होते, चावून चावून चालवले."

झालं. सेल बसले की रेकॉर्डिंग करताना फीत हळू चालते. मग ती बरोबर वेगाने वाजवली की आवाज बारीक, घाईघाईचा येतो. म्हणजे मित्राच्या वडिलांचा उत्तम डेक चूक, आणि गाडीतला सैल पट्ट्याचा टेप कदाचित बरोबर! एका चुकीने दुसरी झाकली होती. पण किती? विजेवर रेकॉर्डिंग केलं असतं तर मागे ५० हर्ट्झची बारीक घूं असते, ती मोजून मूळ वेग काढता येतो. सेलवर तीही नाही. मोजायला काहीच नाही. त्या जात्यावर समोर बसलेलं माणूस सोडून.

भाऊबीजेला तसं जळगावला जायचंच होतं. मांडीवर लॅपटॉप घेऊन निघालो. गिरणेच्या अलीकडे विद्यापीठ लागतं. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली म्हणून राहिली. त्या १९५१ साली गेल्या, पुस्तक १९५२ ला आलं. शाळेत ही गोष्ट आम्हाला दर वर्षी सांगायचे. ह्या वेळी गाडीतून जाताना मनात आलं की शब्द तर राहिले, पण त्या कुठल्या पट्टीत म्हणायच्या, किती सावकाश, हे घरोटापाशी बसलेल्यांनाच माहीत असणार. बाबांना म्हटलं तर ते "हं" म्हणाले. ते ओव्हरटेक करत होते.

फुई ऐंशीची आहे. ओवाळून झालं, जेवणं झाली, मग तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. आधी डेकवरचं, जसंच्या तसं.

"हाई कोन पोर शे?" फुई म्हणाली.

मग सहा टक्के उतरवलेलं, बाबांच्या टेपचं. ती गप्प झाली. बाबा माझ्याकडे बघायला लागले, बघ म्हणून. पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "हाई माय शे. पन थकेल शे."

मी पाच टक्के केलं. मग चार. चारला ती काही बोलली नाही. तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला.

"मला जरा बारीकच वाटतो हा," बाबा म्हणाले.

"तू ते बटन धरीसन बसेल व्हता," फुई म्हणाली. "घट्यावर कोन व्हतं?"

तेवढ्यात ती तुटलेली जागा आली. मी तिथे जोड न देता चार सेकंदं रिकामी ठेवली आहेत. आवाज थांबला, आणि फुईने ओवीचा राहिलेला तुकडा म्हणून टाकला, सहज, हात न थांबवता. पुढे आजी परत सुरू झाली. माझ्या मांडीवर लॅपटॉप, हातात मोबाईल, आणि मी रेकॉर्डचं बटण दाबलं नाही. सुचलंच नाही.

आता पेनड्राईव्हवर दोन फायली आहेत. बत्तीस जीबीच्या पेनड्राईव्हवर, दोन. नावं ०१ आणि ०२, कारण देवनागरी नाव दिलं तर स्टिरिओ चौकोन दाखवतो. ०१ फुईची, चार टक्क्यांची. सेल बसत जातात तसा वेगही उतरत जातो, म्हणून शेवटी शेवटी चारचे साडेपाच केले आहेत. ते माझ्या कानाने, त्याला फुईची मंजुरी नाही. ०२ बाबांची. जाताना एकटे असतात तेव्हा ते ०२ लावतात, आणि जळगावात फुईला दवाखान्यात, बाजारात न्यायचं असलं की ०१.

तो तुकडा मात्र अजून मिळालेला नाही. घरात म्हण म्हटलं तर फुईला आठवत नाही. गाडीत ती जागा आली की आपोआप म्हणते. येत्या गुरुवारी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून डॅशबोर्डवर ठेवा, असं बाबांना सांगितलंय. बघू, म्हणाले. आधी पूर्ण चार्ज करा, म्हटलं.