मुदतीत हरकत नाही

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सातबाराचे उतारे जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेले असत. मथळ्यावर 'तालुका उरण, जिल्हा कुलाबा'. मी वाचायला शिकले तोवर, १९८१ मध्ये, कुलाब्याचा रायगड झाला होता. ट्रंकेत मात्र कुलाबाच होता. आजोबांना अक्षरओळख नव्हती. ते उतारा माझ्यासमोर पसरत आणि खारातल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या, जमिनीचा कागद वाचायला लावत. एका नावाभोवती कंस, त्याखाली दुसरं नाव आणि शेजारी वर्तुळात एक आकडा. कंसातला त्यांचा बाप, खालचे ते स्वतः आणि आकडा फेरफाराचा, हे त्यांनी मला बोट ठेवून ठेवून शिकवलं.

त्या कंसाचं मला तेव्हापासून अप्रूप आहे. माणूस गेला, जमीन विकली, कर्ज फिटलं, तरी हाताने लिहिलेल्या सातबारावर जुनं नाव खरवडून काढत नसत. त्याला कंस करत आणि बदल का झाला ते वर्तुळातल्या आकड्यावरून शोधता येई. तो आकडा धरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही उघडायची, की सगळी हकिकत हाती लागते. ही पद्धत कायद्यात बांधलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने नोंद धरली की ती चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत चढते आणि तिचा निकाल लागावा लागतो. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

१९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ आलं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. आमच्या खारातली जमीन गेली, तेव्हा आजोबा धडधाकट होते. तोवर कंस मेलेल्या माणसाला लागतो अशी माझी समजूत होती. जिवंत आजोबांच्या नावाला तो लागलेला पाहिला आणि मला वाचवेना. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसं जमिनीसाठी रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं, ते या रक्तामुळे. आमच्याकडे १६ जानेवारी आजही कॅलेंडर न बघता आठवते.

जमीन परत मिळायची म्हटल्यावर वारस मोजले जाऊ लागले. आजोबांच्या मागे वारसनोंदीत माझ्या वडिलांचं, काकांचं आणि आत्याचंही नाव चढलं होतं. दोन वर्षांनी आत्याच्या नावाला कंस पडला. हक्कसोडपत्र झालं होतं. पुष्कळ वर्षांनी त्या फेरफाराची नक्कल मी काढली. शेवटी एक ओळ होती: नोटीस रुजू, मुदतीत हरकत नाही, सबब नोंद प्रमाणित. कागदात काहीच चुकलेलं नव्हतं. नोटिशीवर आत्याचा अंगठा होता. ती नोटीस तिला कोणी वाचून दाखवली नव्हती. माझ्या वडिलांनीही नाही. हे लिहिताना आजही हात जड होतो.

मागच्या वर्षी आम्ही चुलत भावंडांनी घराण्याची वंशावळ आणि खाराची हकिकत लिहायला घेतली. कोणी पुण्यात, कोणी दोह्यात, मी बेलापूरला. म्हणून गूगल डॉक्स. सुचवणीच्या रीतीने लिहिलं की नवा मजकूर वेगळ्या रंगात उमटतो, काढलेल्यावर आडवी रेष येते आणि कडेला नाव आणि वेळ. मला लगेच कंस आठवला. २०२० मध्ये सातबाराचा नमुना बदलला, तेव्हापासून कमी झालेल्या नावावर कंसासोबत अशीच आडवी रेष येते.

एके सकाळी मजकूर उघडला तर घराण्यातल्या सगळ्या आत्या गायब. खूण नाही, रेष नाही. कोणीतरी थेट खोडलं होतं. आवृत्त्यांचा इतिहास उघडला. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी एका धाकट्या भावाने अकरा नावं काढली होती. फोन केला तर म्हणाला, "ताई, त्या दुसऱ्या घरच्या झाल्या ना?" त्याच्या मनात पाप नव्हतं. माझ्या वडिलांच्याही नसावं. मी जुनी आवृत्ती परत आणली. पण त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की बसली. खूण फेरफाराच्या वहीत होती, यंत्रातही होती. जिचं नाव गेलं, तिच्यापुढे बसून ती कोणी वाचली नाही, तर खुणेचा तिला काय उपयोग?

जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. त्या गाडीने मी आत्याकडे गेले. ती पडवीत सुकट निवडत होती. मी फोनवरून सगळी हकिकत वाचून दाखवली, बदलांसकट. ती मान न वर करता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "माजा नाव कुठं हाय, बाय?" मी स्क्रीन तिच्यापुढे धरली आणि नावाखाली बोट ठेवलं, आजोबा ठेवायचे तसं. पुढच्या ओळीत होतं, 'आजोबांनी खाराचा बांध घातला.' तिचा हात थांबला. "एकल्यानं? चिखलाच्या पाट्या आयनं वायल्या. उधानाच्या राती उघाडीवर मी बत्ती धरून उबी व्हते."

मी ते तिथेच, सुचवणी म्हणून, लिहिलं. कडेला टीप टाकली: आत्याची हरकत आहे. मग सगळ्या भावंडांना कळवलं आणि ती ओळ तशीच, हिरव्या रंगात, पंधरा दिवस ठेवली. प्रत्येकाने ती वाचली. अकरा नावं खोडणाऱ्या भावाने दोनदा उघडल्याचं त्याने स्वतःच सांगितलं. सोळाव्या दिवशी, आत्याला फोनवर विचारून, मी बरोबरची खूण दाबली.