कागदाची ओळख

खऱ्याखोट्याची पारख म्हटली कीं आम्हांस शिक्कामोर्तब आठवतें. पण जें एका हातानें कोरलें, तें दुसरा कोरणारच! २००५ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील रसेल कौबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळी वाट दाखविली. कागदावर लेसरचा किरण फिरवून विखुरलेला प्रकाश टिपला, तों प्रत्येक कागदाच्या पृष्ठभागाची सूक्ष्म ठेवण वेगळी निघाली. कागद चुरगाळला, भिजविला, १८० अंशांवर अर्धा तास भाजला, तरी ओळख पटली. ही ठेवण खुद्द कागद करणाऱ्यासही पुनः साधत नाहीं, याची आम्हांस मौज वाटते. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरही ती सांपडते. मात्र आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्यास खोक्याची नव्हे, आंतील औषधाची खात्री हवी. खोकें खरें ठरूनही औषध बदललेलें असूं शकतें. शिवाय पहिली नोंद कारखान्यांतच करून ठेवावी लागते. ती वही कोणाच्या ताब्यांत असावी, हें किरणास विचारून भागत नाहीं.