विचुंब्यातला आमचा कारखाना

विचुंबे हे नाव आमच्या दादरच्या नातेवाइकांना निदान दोनदा सांगावे लागते. पहिल्या खेपेस त्यांना त्यात विंचू ऐकू येतो. ‘अहो, विंचू नव्हे, विचुंबे! पनवेलजवळ!’ असे म्हटले, की ‘म्हणजे नव्या विमानतळाच्या बाजूला!’ असे उद्गारून ते जागेचा भाव विचारतात. भाव कळला की गावाचे नावही त्यांच्या लक्षात राहते.

या गावात आम्ही येऊन आता सहा वर्षे झाली. पनवेल स्टेशनच्या पूर्वेला उतरावे, नवीन पनवेलातून रिक्षा करावी, आणि इमारतींची दाटी संपते न संपते तोच गाव यावे. २०१३ साली विमानतळाच्या आसपासच्या गावांचे नियोजन सिडकोकडे गेले आणि हा मुलूख ‘नैना’ झाला. नाव एखाद्या नटीला शोभेल असे आहे. प्रत्यक्षात ती इंग्रजी आद्याक्षरे आहेत. सकाळी गच्चीवर उभे राहिले की माथेरानची लांबच लांब रांग आणि अलीकडे प्रबळगड दिसतो. त्याच दृश्यात मधेच चार-पाच क्रेनही उभ्या असतात. आमची ही म्हणते, ‘डोंगर देवाने केला, क्रेन बिल्डरने केली, आपण काय केले?’

हा प्रश्न माझ्या मनाला लागला असावा. कारण छत्तीस वर्षे कारकुनी करून मी हाताने केलेली एकही वस्तू घरात नव्हती. आणि त्यातच गेल्या चैत्रात गावाकडचे घर उतरवले. अलिबागेच्या बाजूचे ते आमचे कौलारू घर. भावाभावांत वाटण्या झाल्या. कोणी भांडी घेतली, कोणी देव घेतले. माझ्या वाट्याला माजघराच्या सहा सागवानी तुळया आल्या, आणि हिने हट्टाने मागून घेतलेला पाटा-वरवंटा. टेंपो विचुंब्याला येऊन थांबला तेव्हा शेजाऱ्यांनी विचारले, ‘जळणाला का?’

त्याच आठवड्यात मुलीने फोनवरून गोड बातमी दिली. मार्गशीर्षात बाळंतपण, आणि ते माहेरीच! मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो, ‘पाळणा मी करणार. आजोबांच्या तुळईचा!’ फोन ठेवल्यावर ही एवढेच म्हणाली, ‘दारे जाम झाली तर तुम्ही सुतार बोलावता.’

आमचे घर तळमजल्यावर आहे आणि मागे दहा फूट लांब, आठ फूट रुंद अशी पत्र्याची पडवी आहे. तोच कारखाना ठरला. मग मी मोबाइलवर अमेरिकन सुतारांची चित्रे पाहू लागलो. या गृहस्थांच्या घरी दोन मोटारी मावतील अशी खोली असते. मधोमध टेबलात बसवलेली वर्तुळाकार करवत, कोपऱ्यात पट्ट्याची करवत, भिंतीशी फळीची जाडी सारखी करणारे यंत्र आणि कचरा ओढून घेणारा मोठा नळ. आठ दिवसांत माझी यादी तयार झाली. तिची बेरीज केली तेव्हा ती फंडाच्या रकमेच्या पोटात शिरत होती.

यादी घेऊन मी आमच्या मागच्या आळीतल्या मिस्त्रींकडे गेलो. साठी उलटलेला, अंगाने काटक आणि बोलायला तुटक असा हा माणूस. त्यांचे आजोबा पनवेलात बैलगाड्यांची चाके करीत. पनवेलचे आणि लाकूडकामाचे नाते इतके जुने असेल याची मला कल्पनाच नव्हती. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. मुंबईचा माणूस पडावाने पनवेल बंदरात उतरे आणि तिथून गाडीने घाट चढून पुण्याला जाई. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि पुण्याचा उतारू पनवेलला विसरला; पण मालाच्या गाड्या चालतच राहिल्या. जुन्या गॅझेटियरांत पनवेलचा मोठा उद्योग म्हणून गाडीच्या चाकांचीच नोंद सापडते. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव! एवढे सगळे वाकस, पटाशी आणि करवत यांवर होई. मिस्त्रींच्या घरी आजोबांचा वाकस अजून खुंटीला आहे.

त्यांनी माझी यादी वाचली नाही. पडवी पाहायला आले. दारात उभे राहून म्हणाले, ‘साहेब, सहा फुटांची फळी टेबलाच्या करवतीवर घालायची तर अलीकडे सहा फूट पाहिजे आणि पलीकडे सहा फूट पाहिजे. तुमची जागा दहा फूट. फळी स्वयंपाकघरात निघणार. वहिनींना चालेल?’

वहिनींना अर्थातच चालणार नव्हते.

‘मोठ्या कारखान्यात लाकूड मशीनकडे जातं,’ ते पुढे म्हणाले. ‘लहान जागेत मशीन लाकडाकडे न्यायचं. हातात धरून चालवता येईल तेवढंच घ्या.’

माझी अर्धी यादी या एका वाक्याने गळाली, आणि फंडाने सुटकेचा श्वास टाकला असेल. तुळयांच्या फळ्या करायचे काम वखारीतल्या पट्ट्याच्या करवतीकडे गेले. ज्या कामाला वखारीत अर्धा दिवस लागतो त्याच्यासाठी घरात यंत्र पाळणे म्हणजे लग्नापुरता घोडा विकत घेण्यासारखे आहे. मात्र त्याआधी मिस्त्रींनी मला एक काम लावले. मोडक्या स्पीकरमधले लोहचुंबक घेऊन तुळयांवरून फिरवायचे, आणि जिथे ते ओढ खाईल तिथे खडूने खूण करायची. सहा तुळयांतून सत्तेचाळीस खिळे निघाले. कुठल्या खिळ्याला आजीचे शिंके होते आणि कुठल्याला कंदील, हे मी ओळखू शकलो, म्हणून त्या कामाला चार दिवस लागले.

आता उरलेल्या यादीचे सांगतो. मुंबईत हत्यारांचा बाजार म्हणजे नागदेवी स्ट्रीट. तिथे गेल्यावर माणसाला आपल्याला काय हवे होते ते आठवत नाही, इतके काही दिसते. पहिले घेतले ते ड्रिल. विजेवर चालणारे हातातले ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका ही सोय पुढे अमेरिकेत झाली, तिचे पेटंट १९१७ चे. लाकडासाठी घेताना एकच पाहावे, खटका जितका दाबू तितका वेग कमीजास्त होतो की नाही. भिंतीला भोके पाडायची ठोक्याची सोय असली तर पडदे लावायला उपयोगी पडते, आणि घरातल्यांचा विरोध मावळतो.

दुसरी जिगसॉ, म्हणजे वरखाली धावणारी बारीक करवत. हिचा जन्म मोठा घरगुती आहे. १९४६ साली स्वित्झर्लंडमधल्या आल्बर्ट काउफमान नावाच्या तंत्रज्ञाने बायकोच्या शिलाईच्या यंत्रात सुईऐवजी करवतीचे पाते बसवले! ही गोष्ट मी कौतुकाने घरी सांगितली. दुसऱ्या दिवशी हिचे शिलाईचे यंत्र कपाटात कुलूपबंद झालेले दिसले. पाळण्याच्या बाजूंना गोलाई द्यायची तर हिच्याइतकी समजूतदार करवत नाही. सरळ कापायला मात्र ती हट्टी; रेघ सोडून चालते.

आणि सरळ कापण्याच्या या प्रश्नावर माझी चूक झाली. आपल्याकडे फर्निचरच्या कामावर जाऊन पाहा. फरशी कापायच्या चार इंची कटरला लाकडाचे पाते लावतात, फळीला खाली उलटा बसवतात, पाते वर काढतात, आणि झाली टेबलाची करवत! स्वस्त, सुटसुटीत आणि सगळे वापरतात. मीही तो कटर घेतला. रविवारी दुपारी तो उलटा बसवला, भोवतीचे संरक्षक कवच आड येते म्हणून काढून ठेवले, आणि चालू करणार तोच मिस्त्री आले. त्यांनी काही न बोलता भिंतीवरचे बटण बंद केले आणि डावा हात माझ्यापुढे धरला. तर्जनीचे शेवटचे पेर नव्हते. सहा वर्षांत मी त्यांच्याशी शंभरदा बोललो असेन, पण ते माझ्या ध्यानात आले नव्हते. ते हात नेहमी मिटलेला ठेवतात.

‘असाच उलटा लावला होता. प्लायवूडचा तुकडा पात्यात अडकला नि मागं उडाला. हात त्याच्याबरोबर पुढं गेला. आवाजसुद्धा आला नाही, साहेब. पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं.’

मी कटर सोडवला. हे यंत्र मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. ते फरशीसाठी आहे, दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलण्यासाठी आहे. लाकडाची हातकरवत, जिला सर्क्युलर सॉ म्हणतात, तिचे सात इंची पाते सुमारे पाच हजारच फेरे घेते. तिच्या खालच्या कवचाला स्प्रिंग असते. काप संपला की कवच आपोआप पात्यावर येते. फळीखाली तिचे पाते सव्वादोन-अडीच इंच उतरते, कटरचे जेमतेम सव्वा इंच. किमतीत मात्र दुपटीहून अधिक फरक पडतो. तो फरक कशाचा, हे मिस्त्रींच्या बोटाकडे पाहिल्यावर विचारायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नागदेवीला गेलो.

तिथे आणखी एक फजिती पदरात पडली. कडा गोल करायला लहान राउटर घेतला, ज्याला दुकानदार ट्रिमर म्हणतात, आणि बरोबर पात्यांचा एक देखणा डबा. घरी आल्यावर एकही पाते बसेना. यंत्राची पकड सहा मिलिमीटरची; पात्यांचे दांडे पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर! फरक केसाएवढा, पण तेवढ्यासाठी पंचेचाळीस किलोमीटरची रपेट. तेव्हा खरेदीला जाताना आपली पकड मिलिमीटरची की इंचाची हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. घाई करून ठोकून बसवायला तर मुळीच जाऊ नये.

विजेच्या बाबतीत मला भीती होती, ती खोटी ठरली. चौदाशे वॉटची करवत आपल्या २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या आसपास घेते, गिझरपेक्षा कमी. फक्त जाड पिनेचा स्वतंत्र पॉइंट आणि अर्थिंग हवे. पंख्याच्या बोर्डातून बारीक वायर ओढून चालवू नये. बॅटरीची यंत्रे पावसाळ्यात वीज गेल्यावर कामाला येतात, पण त्यांचे प्रकरण सोयरिकीसारखे आहे. एका घराण्याची बॅटरी दुसऱ्या घराण्याच्या यंत्राला बसत नाही. पहिले यंत्र घेतले की पुढची सगळी त्याच घरातून. मी वायरवालीच घेतली. त्यांचे कार्बनचे ब्रश झिजले तर ते पनवेलात मिळतात, हे आधी जाऊन विचारून आलो. दुरुस्तीचे दुकान किती लांब आहे, हे मी यंत्राच्या पाटीवरच्या वॉटपेक्षा महत्त्वाचे मानतो.

यंत्र निवडताना माणूस आपल्या हौसेचा विचार करतो. गावाच्या हवेचा करीत नाही. विचुंब्याच्या पावसाळ्याने माझे डोळे उघडले. मृगात पत्र्यावर जो ताशा सुरू झाला तो भाद्रपदापर्यंत. अमेरिकन सुताराचे ते बिडाचे टेबल इथे असते तर श्रावणात त्यावर हळदीकुंकू वाहिल्यासारखा गंज चढला असता. लहान यंत्रे निदान पुसून, तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवता येतात. हिच्या धान्याच्या डब्यांपैकी दोन पत्र्याचे डबे मी मागून घेतले. दुसरी गोष्ट भुशाची. जुन्या सागवानाचा वास चंदनासारखा वाटतो म्हणून मी तो छातीभर घेत असे. पण लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग घडवणारी आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केले आहे. तेव्हापासून पॉलिशपेपर फिरवणाऱ्या यंत्राला व्हॅक्यूमची नळी जोडतो आणि तोंडावर चांगला मास्क चढवतो. आवाजाचे म्हणाल तर इमारतीत करार झाला आहे. दुपारी एक ते चार मोटार बंद. समोरच्या आजोबांची वामकुक्षी आणि माझे हातकाम बरोबरच चालते.

हे हातकाम म्हणजे पटाशीचे. मिस्त्रींनी यंत्रे येण्यापूर्वीच मला तेलाच्या दगडावर धार लावायला बसवले होते. दंडावरचा केस उडाला तर धार झाली. आषाढभर माझा डावा दंड गुळगुळीत होता. कारण पाळण्याचे सांधे, कूस आणि खोबण, यंत्राने निम्मे होतात. उरलेले निम्मे पटाशीनेच नीट बसतात. चार खोबणी मी मोठ्या कापल्या. मिस्त्रींनी त्यात पाचर मारून दाखवली नाही, दुसरी फळी घ्यायला लावली. ‘हे खुर्चीत चालतं,’ ते म्हणाले, ‘यात मूल झोपणार.’ सहा तुळया होत्या म्हणून निभावले.

खंडेनवमीला पडवी झाडली. पाटावर ड्रिल, जिगसॉ, हातकरवत मांडली. तिच्याशेजारी मिस्त्रींनी आपल्या आजोबांचा वाकस आणून ठेवला. सगळ्यांना झेंडूची फुले वाहिली. फरशीचा कटरही होता. तो आता फरशीवाल्याला देऊन टाकायचा आहे. पूजा झाल्यावर मिस्त्रींनी पाळण्याच्या प्रत्येक गजावरून, प्रत्येक कडेवरून डाव्या हाताची चार बोटे आणि ते आखूड बोट सावकाश फिरवले. एके ठिकाणी थांबले, पॉलिशपेपर मागितला, दोन हात मारले. मग कड्यांचा जोर पाहावा म्हणून त्यांनी पाळणा ढकलायला हात पुढे केला.

‘अहो मिस्त्री, रिकामा पाळणा हलवू नका!’ ही आतून ओरडली, आणि लगबगीने वरवंटा घेऊन आली. तिने तो दुपट्यात गुंडाळला, पाळण्यात ठेवला आणि दोरी मिस्त्रींच्या हातात दिली.