खुनी कोण, ते अख्ख्या पेंडालला ठाऊक

जेवणाचं ताट समोर आलं की शेजारच्या टेबलावर खून पडतो आणि शेवटचा गोड पदार्थ येईपर्यंत पाहुण्यांनी खुनी हुडकून काढायचा, असा एक खेळ मोठ्या शहरांत चालतो. नदीत फिरणारी दिव्यांची बोट, बोटीवर जेवण आणि जेवणाऱ्यांतच मिसळून बसलेले नट. आपल्या बाजूला बसून सूप पिणारा माणूस आपल्यासारखाच गिऱ्हाईक आहे की नट, हे आधी कळत नाही. माझी लेक कंपनीच्या कामाने परदेशी गेली होती तेव्हा अशा बोटीवर जेवून आली. दिवाळीला गोंदियाला घरी आली, तर फराळापेक्षा त्या खुनाचंच कौतुक जास्त.

“बोट धक्क्यावरून सुटली की कुणाला बाहेर जाता येत नाही, बाबा. म्हणजे खुनी आतच आहे. खरी मजा त्यात आहे.”

ही मजा जुनी आहे. अगाथा ख्रिस्तीने १९३७ साली नाईल नदीवरच्या बोटीत खून घडवला, तोही याच हिशेबाने. पाणी चारी बाजूंनी, संशयित मोजके, आणि वाचकाने डोकं चालवायचं. लेकीने म्हणे खुनी बरोबर ओळखला आणि बक्षीस म्हणून चॉकलेटचा डबा मिळवला.

आमच्या जिल्ह्यात नद्यांना तोटा नाही. वैनगंगा आहे, बाघ आहे, चुलबंद आहे, गाढवी आहे. पण नदीवर बोट म्हणजे ढिवराचा डोंगा, आणि हौसेने पाण्यात फिरायचं तर नवेगावबांधचा तलाव. डोंग्यात जेवण वाढणारा अजून कोणी निघालेला नाही. तरी मी लेकीला म्हटलं, “जेवण, खून आणि पाहुणे, तिन्ही दाखवतो. फक्त बोटीत नाही, धानाच्या बांधीत.”

माझी मोठी बहीण अर्जुनी मोरगाव तालुक्यात दिलेली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला; शेजारच्या गावाशी तो शक्यतो भिडू देत नाहीत, कारण पाहुणे तेच असतात. लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, दिवसा दंडार नाचते आणि रात्री नाटक होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांत हीच तऱ्हा. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला. नाटकाला ही वाटणी कधी कळली नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. कंपन्यांचं बाजारपेठेचं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. तिथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, गावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात, विसार देतात आणि गावात येऊन तिकिटं खपवतात. याच रंगभूमीवर उभं आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच जणांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असावं.

आम्ही पोचलो तेव्हा बांधीत धान कापून पुंजणे लागलेले, चुरणे व्हायचे बाकी. मंडईच्या वाटेवर शिंगाड्यांचे ढीग, उसाची मोळी, बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकानं. बहिणीच्या घरी सकाळपासून उडदाची डाळ वाटणं चाललेलं. रात्री ओसरीत पंगत बसली. गरम वडे, कोंबड्याचा रस्सा, झिंग्याची भाजी, नव्या तांदळाचा मऊ भात. एक पंगत उठली की दुसरी, कारण मंडईच्या दिवशी कोण कुणाकडे जेवतो याचा हिशेब राहत नाही. बहिणीच्या सासूबाई चुलीजवळ बसून लेकीला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “पोटभर खाय पोरी, नाटक उजाडेपर्यंत हाय.” लेकीने घड्याळ बघितलं. तिच्या बोटीवरचा खून तीन तासांत आटोपला होता.

दहाच्या सुमारास आम्ही सतरंजी, शाली आणि म्हातारीची उशी घेऊन निघालो. कापलेल्या बांधीत कनातींचा पेंडाल उभा होता. पुढे सतरंज्यांची जागा, मागे खुर्च्या. बाहेर आलूबोंडे तळणाऱ्या कढया आणि चहाचे ठेले. रंगमंचावर रंगवलेला वाड्याचा पडदा. पुढ्यात ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅडवाले, आणि त्यांच्याच बाजूला वही उघडून बसलेला प्रॉम्प्टर. इथे एकेका नटाला हंगामात कितीतरी नाटकं करावी लागतात. आज या गावी एक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं. सगळं पाठ राहणं अवघडच, त्यामुळे प्रॉम्प्टरचा आवाज चांगला खणखणीत लागतो. आम्ही बसलो होतो दुसऱ्या रांगेत. तिथे नटाच्या आधी वाक्य आम्हालाच ऐकू येई.

“बाबा, हा तर पेपर फुटला,” लेक म्हणाली.

नांदी झाली, हळदीकुंकवाची गाणी झाली, वाड्यावरचे मालक आले, त्यांची भोळी दुसरी बायको आली, शहरात शिकणारा मुलगा आला. मग दिवाणजी आला. काळा कोट, कपाळावर आडवं गंध, बोलताना डोळे मिचकवायची सवय. लेकीने फोनवर संशयितांची यादी सुरू केली. बायको, सावत्र मुलगा, नोकर, दिवाणजी. प्रत्येकाच्या नावापुढे कारणं. म्हातारीने त्या उजेडात डोकावून विचारलं, “काय लिवतेस?”

“आजी, खून कोण करणार ते शोधतेय.”

“शोधाचं काय त्याच्यात? दिवाणजी हाय. त्याचे डोरे पाय.”

खून बाराच्या पुढे झाला, आणि योगायोग असा की जेवणाच्या वेळीच झाला. पाट मांडलेले, मालक जेवून उठलेले, बायको दुधाचा पितळी पेला ठेवून आत गेलेली. दिवाणजी विंगेतून आला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग सरळ आमच्याकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. कोटाच्या आतल्या खिशातून निळी शिशी काढली, दात लावून तिचं बूच उपटलं, आणि सगळ्या पेंडालला दिसेल इतका हात उंच करून ती दुधात ओतली. शिशी खिशात घालायच्या आधी ती उलटी धरून शेवटचा थेंबही झटकला. हे सगळं होईपर्यंत तबलावाल्याने हात थांबवला होता.

मालक पेला उचलतात तोच पुढच्या सतरंजीवरून एक पोरगं उठून ओरडलं, “पिऊ नको जी! जहर हाय!” पाठोपाठ बायकांचा गलका. मालक थबकले. पेला ओठाजवळ नेऊन पुन्हा खाली आणला. गलका वाढला. पुन्हा ओठाजवळ नेला. असं चार वेळा खेळवून त्यांनी दूध प्यायलं आणि पाटावर कोसळले. माझ्या मागच्या खुर्चीवरचे गृहस्थ चुकचुकले आणि म्हणाले, “सांगून सांगून थकलो.”

मग विनोदी नोकर आला. मालकाचं प्रेत पडलेलं, आणि त्याची नजर पेल्यात उरलेल्या दुधावर. त्याने पेला उचलून पेंडालला विचारलं, “पिऊ का?” अख्खा पेंडाल म्हणाला, “नाईईई!” तो म्हणाला, “मंडईच्या दिवशी उपसरपंचानं पाजलं असतं त नाई म्हनलो असतो का?” उपसरपंच खुर्चीतच पुढे वाकून हसत होते. गावातल्या कुणाची थट्टा चालेल, याची चौकशी कंपनीवाले संध्याकाळीच मंडळाच्या पोरांकडे करून ठेवतात.

पुढे लावणी झाली, प्रेमगीत झालं, आणि दोन वाजता इन्स्पेक्टर आला. त्याने घरच्यांना प्रश्न विचारले. बायको रडली, मुलगा भडकला, दिवाणजीने हात जोडून अश्रू ढाळले. मग इन्स्पेक्टर रंगमंचाच्या कडेला येऊन आमच्याशी बोलू लागला.

“मालक दूध पीत होते तेव्हा इथं कोण होतं?”

“आमी!”

“किती जण?”

मागून आवाज आला, “तिकिटं मोजा ना जी!”

हशा ओसरू दिला आणि त्याने टोपी काढली. “म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. खुनी कोण ते सगळ्यांना माहीत आहे. ठीक. उद्या कोर्टात साक्षीला कोण येणार?”

पेंडाल गप्प झाला. नाटकातलाच प्रश्न, पण माणसं शेजाऱ्याकडे बघू लागली. मग एका कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, “धान चुराचे हायेत साहेब, चुरने झाल्यावर येतो!” आणि पुन्हा हसू फुटलं. ते विरायच्या आत आमची म्हातारी शाल सावरत उठून उभी राहिली. “मी येतो,” ती म्हणाली. इन्स्पेक्टरने तिला वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. ती बसली आणि मला म्हणाली, “पानाचा डबा दे.”

लेकीने फोन केव्हाच बंद केला होता. दोन खेळांत फरक कुठे आहे, ते मला त्या गप्प झालेल्या क्षणी कळलं. बोटीवर सगळा झगडा ओळखण्याचा. एकमेकांना न ओळखणारी माणसं तीन तास एकत्र येतात, कुणाबद्दल कुणाला काही माहीत नसतं, आणि डोकं लढवून सत्य हाती लागलं की खेळ संपतो. लंडनमध्ये १९५२ पासून चाललेल्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. सांगितलं की पुढच्याची मजा गेली. गावात असलं गुपित टिकत नाही. कुणी कुणाचा धुरा कोरला, कुणाच्या अंगठ्यावर कुणाचं शेत गेलं, सुनेने विहीर का जवळ केली, हे पारावर सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते पुढे, उठून सांगायचं कोणी यावर. म्हणून झाडीपट्टीचा नाटककार खुनी लपवायच्या भानगडीत पडत नाही. तो खून आपल्यासमोर करवतो, आपल्याला साक्षीदार करतो आणि मग तासन् तास विचारत राहतो, आता काय करणार?

मराठी प्रेक्षकाला ही गोडी नवीन नाही. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं. त्यात आरोपी कोर्टात उभा राहून साफ नाकारतो आणि फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर एकामागून एक पाच सोंगं घेऊन दिसत राहतात. सोंगं एकाचीच आहेत हे प्रेक्षक बघतच असतो. तरी लोकांनी ते नाटक पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण लबाड माणूस कोण यापेक्षा तो पकडीत कसा येतो हे बघायची भूक मोठी.

मध्यंतरात आम्ही चहाला बाहेर पडलो. थंडी चांगलीच पडली होती. इन्स्पेक्टर झालेला नट खाकी शर्टावर मफलर गुंडाळून आमच्या बाजूला आलूबोंडा खात होता. लेकीने विचारलं, साक्षीचा तो प्रश्न नाटकात लिहिलेला आहे का?

“वहीत इन्स्पेक्टर दोन वाक्यं बोलून आत जातो,” तो म्हणाला. “पुढचं गावागावाप्रमाणे. कुठे सगळेच हात वर करतात. एका गावात एक जण साक्ष देतो म्हणून स्टेजवर चढला तो उतरेना. त्याच्या स्वतःच्या वावराचं प्रकरण होतं, तेच सांगायला लागला. पडदा पाडावा लागला.”

“मग?”

“पडद्यामागे ऐकून घेतलं. चहा पाजला.”

लेकीने विचारलं की आज कुणीच उठलं नसतं तर? त्याने कागदाला हात पुसले. “तर मी तसाच उभा राहतो. एक जण तरी उठते. बहुतेक म्हातारीच असते.”

पहाटे साडेचारला दिवाणजीला बेड्या पडल्या. निळी शिशी विनोदी नोकराने त्याच्याच कोटातून काढली, आणि ती सापडायच्या आधी पेंडालने “आतला खिसा! आतला खिसा!” म्हणून त्याला वाट दाखवली. भोळी दुसरी बायको निर्दोष ठरली, मुलाने तिचे पाय धरले. शेजारच्या सतरंजीवर रात्रभर झोपलेली पोरं नेमकी तेव्हा जागी होऊन टाळ्या वाजवू लागली.

उजाडताना पडदे उतरवून गाडीत भरणं चाललं होतं. तोंडावरचा रंग अर्धवट पुसलेला दिवाणजी गाडीला टेकून पान जमवत होता. आम्ही जवळून जाऊ लागलो तशी म्हातारी थांबली आणि म्हणाली, “लय वाईट वागलास बाप्पा.”

“हो जी आई,” तो पाया पडत म्हणाला. “उद्याच्या गावाले या. नाटक दुसरं हाय. त्यात मी इन्स्पेक्टर हावो.”

म्हातारीने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. “तू इन्स्पेक्टर असशील,” ती म्हणाली, “त साक्षीले मी नाई येत.”